एमाच्या हाती दिलेलं हस्तलिखित

लग्न ठरायच्या आधी चार्ल्स डार्विनला वडिलांनी बजावलं होतं: धर्माबद्दलच्या तुझ्या शंका बायकोपासून नीट झाकून ठेव. डॉ. रॉबर्ट डार्विन हे श्रूजबरीतले नावाजलेले डॉक्टर. घराघरांतली दुखणी बघता बघता त्यांनी संसारही बघितले होते. दोघं धडधाकट असेपर्यंत सगळं निभावतं. एक कुणी अंथरुणाला खिळलं की बायकोच्या मनात येतं, यांच्या आत्म्याचं आता काय होणार? त्या काळजीने ती झुरते आणि तिच्यापायी नवराही होरपळतो. उभ्या आयुष्यात अश्रद्ध म्हणाव्यात अशा तीनच बायका आपल्याला भेटल्या, अशी भरही त्यांनी घातली. डॉक्टर स्वतः अश्रद्ध होते. हा सल्ला अनुभवातून आलेला होता, आणि आयुष्यभर मुलाने त्यांचा शब्द क्वचितच मोडला होता.

या एका बाबतीत मोडला. चार्ल्सने एमा वेजवुडला लग्नाआधीच सगळं सांगून टाकलं. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये बुद्धी, श्रद्धा आणि संसार यांची गाठ कशी पडत होती हे बघायला यापेक्षा चांगलं प्रकरण मला माहीत नाही. दोघांची पत्रं शिल्लक आहेत, त्यांवरचे शेरेही शिल्लक आहेत, आणि प्रकरण नवऱ्याच्या मृत्यूनंतरही चालू राहिलं.

त्यांच्याबद्दल एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते: बायको देवभोळी, तिला दुखवायला नको, म्हणून डार्विनने आपला उत्क्रांतीचा सिद्धांत वीस वर्षं दडवून ठेवला. मला ती पटत नाही. कागदपत्रं वेगळंच सांगतात.

दोन रकाने आणि एक राहून गेलेला विषय

१८३८ सालचा चार्ल्स एकोणतीस वर्षांचा आहे. ‘बीगल’वरच्या पाच वर्षांच्या सफरीहून परतून दोन वर्षं होत आलीत, आणि सजीवांच्या जाती बदलतात ही कल्पना तो वर्षभर खाजगी वह्यांत घोळवतो आहे. त्या उन्हाळ्यात त्याने एका कागदावर दोन रकाने आखले: ‘लग्न करावं’ आणि ‘करू नये’. एकीकडे मुलंबाळं, म्हातारपणी सोबत, निदान कुत्र्यापेक्षा तरी बरी अशी साथ. दुसरीकडे पुस्तकांना पैसे कमी पडणार, नातेवाइकांकडे जावं लागणार, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे वेळ जाणार. शेवटी भूमितीतलं प्रमेय सिद्ध झाल्यावर लिहितात तशी अक्षरं टाकून त्याने निकाल दिला: लग्न करायचं.

ही यादी गंमत म्हणून बरेचदा छापली जाते. मला त्यात जे नाही ते महत्त्वाचं वाटतं. श्रद्धेचा विषय दोन्ही रकान्यांत नाही. बायकोच्या आणि आपल्या विश्वासात अंतर पडेल, हा खर्च त्याने मांडलाच नव्हता. तो वडिलांनी दाखवून दिला.

एमा ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी, वयाने नऊ महिन्यांनी मोठी. मामाची मुलगी करण्याची रीत मराठी वाचकाला नवी नाही. इंग्लंडातल्या अशा सधन, एकमेकांत गुंतलेल्या घराण्यांतही ती होती. (पुढे चार्ल्सला या नात्याची धास्ती वाटू लागली. जवळच्या नात्यातल्या लग्नांचा मुलांवर काय परिणाम होतो हे कळावं म्हणून १८७१च्या जनगणनेत तसा प्रश्न घालावा, असा त्याने प्रयत्न केला. पार्लमेंटने तो फेटाळला.) वेजवुड घराण्याची मुळं युनिटेरियन पंथात होती. हा पंथ पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य मानत नाही आणि श्रद्धेतही विवेकाला जागा देतो. तेव्हा एमा अंधपणे मानणारी नव्हती. पण एका गोष्टीवर तिचा जीव अडकला होता. १८३२ मध्ये तिची सोबतीण, बहीण फॅनी, ऐन सव्विशीत गेली. परलोकात पुन्हा भेट होईल, ही एमाची भिस्त तेव्हापासूनची.

११ नोव्हेंबर १८३८ला मेअर गावी, वेजवुडांच्या वाड्यावर चार्ल्सने मागणी घातली आणि ती ‘हो’ म्हणाली. दहाच दिवसांनी तिचं पत्र आलं. तू जवळ असतोस तेव्हा उदास विचार दूर राहतात, पण तू गेल्यावर एक भीती डोकावते: सर्वांत महत्त्वाच्या विषयावर आपली मतं फार वेगळी तर नाहीत? प्रामाणिक शंका हे पाप असू शकत नाही, असं बुद्धी सांगते. पण आपल्या दोघांत ती एक दुखरी पोकळी राहील असं वाटतं. तू मोकळेपणाने सांगितलंस याबद्दल मनापासून आभार. आणि एक मागणं: योहानाच्या शुभवर्तमानातलं, येशू शिष्यांचा निरोप घेतो ते प्रकरण माझ्यासाठी वाच.

उत्तर नको असलेलं पत्र

२९ जानेवारी १८३९ला मेअरच्या चर्चमध्ये लग्न लागलं आणि दोघं त्याच दिवशी आगगाडीने लंडनला आली. काही आठवड्यांतच, एकाच घरात राहत असताना, एमाने नवऱ्याला दुसरं पत्र लिहिलं. तोंडाने बोलताना हवं ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे, आणि दर वेळी तिच्या युक्तिवादाची धार जाणवते. तू सचोटीने सत्य शोधतो आहेस तोवर तू चुकतो आहेस असं मी मानणार नाही, इथून ती सुरुवात करते. मग विचारते: सिद्ध झाल्याखेरीज काहीच मानायचं नाही, ही शास्त्रातली सवय, ज्या गोष्टी त्या रीतीने सिद्धच होऊ शकत नाहीत तिथेही तुझ्या मनावर जास्त ताबा तर घेत नाही ना? तू एका बाजूच्या अडचणी बारकाईने पाहिल्यास, दुसऱ्या बाजूच्या पाहायला तुला वेळ मिळाला नसेल. शिवाय तुझा थोरला भाऊ इरॅस्मस तुझ्याआधी त्या वाटेने गेला. तुझं त्याच्यावर प्रेम, त्याच्या बुद्धीवर विश्वास, त्यामुळे तुझी वाट सोपी झाली नसेल?

हा शेवटचा प्रश्न तर वैज्ञानिकाला त्याच्याच हत्याराने विचारलेला आहे: तुझा निष्कर्ष पुराव्यावर उभा आहे की सहवासावर? नंतर ती मूळ भीतीवर येते. आपण दोघं कायमची एकमेकांची नाही असं वाटलं तर मी फार दुःखी होईन. ‘कायमची’ म्हणजे मरणानंतरही. आणि मग म्हणते: याचं उत्तर मला नको, लिहून झालं एवढ्याने समाधान आहे.

उत्तर नको हे वाक्य मला साऱ्या प्रकरणाची कळ वाटतं. उत्तर मागितलं असतं तर चार्ल्सला खोटं बोलावं लागलं असतं नाहीतर तिला तोडावं लागलं असतं. तिने दोन्ही टाळलं आणि म्हणणं मात्र पूर्ण मांडलं. त्याने ते पत्र जन्मभर जपलं. खाली केव्हातरी लिहून ठेवलं: मी गेल्यावर तुला कळू दे, कितीदा तरी मी याचे मुके घेतलेत आणि यावर रडलो आहे.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मोकळेपणाची जोखीम दोघांना सारखी नव्हती. नवरा संशयी आणि बायको श्रद्धाळू असेल तर व्हिक्टोरियन कायदा नवऱ्याच्या बाजूलाच होता. भूमिका उलट असल्या तर काय होई, हे अ‍ॅनी बेझंटच्या बाबतीत दिसलं. होमरूल चळवळीमुळे आपल्याला माहीत असलेल्या याच त्या बेझंटबाई. १८६७ मध्ये त्यांचं लग्न फ्रँक बेझंट या पाद्र्याशी झालं. मुलगी मेबल जिवावरच्या दुखण्यात सापडली तेव्हा त्यांच्या श्रद्धेला तडा गेला. चर्चमधला प्रभुभोजनाचा विधी पाळ नाहीतर घर सोड, असा पेच आला आणि १८७३ मध्ये त्या बाहेर पडल्या. पुढे संततिनियमनावरची पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर आणि नास्तिक पुढारी चार्ल्स ब्रॅडलॉवर १८७७ मध्ये खटला चालला, आणि १८७८ मध्ये कोर्टाने मेबलला त्यांच्याकडून काढून बापाच्या हवाली केलं. १८७७च्या खटल्यात साक्ष द्यायला डार्विनला बोलावणं आलं होतं. त्याने नकार दिला. तेव्हा एमाने चार्ल्सला समजून घेतलं असं म्हणताना, तिच्यापुढे दुसरा रस्ता फारसा नव्हता हेही ध्यानात ठेवायला हवं.

पैशाचंही तसंच. लग्नात रॉबर्ट डार्विनने दहा हजार पौंड लावून दिले; वेजवुडांनी पाच हजार आणि वर्षाला चारशे. चार्ल्सला नोकरीची गरज नव्हती. तत्त्वज्ञ हेन्री सिजविकसारख्याला १८६९ मध्ये केंब्रिजची फेलोशिप सोडावी लागली, कारण चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धा सांगणाऱ्या ३९ कलमांवर दिलेली सही त्याला आता खोटी वाटत होती. चार्ल्सकडून अशी सही कुणी मागणार नव्हतं. त्याच्या शंकांचा हिशेब घरातच व्हायचा होता.

चारशे पौंड

१८४२च्या सप्टेंबरात कुटुंब केंटमधल्या डाउन गावी राहायला गेलं. १८४४च्या उन्हाळ्यात चार्ल्सने सिद्धांताचा दोनशेतीसेक पानांचा मसुदा पुरा केला आणि गावच्या शाळामास्तरांकडून त्याची स्वच्छ प्रत करून घेतली. ५ जुलैला त्याने एमाच्या नावे एक पत्र लिहिलं. मी अचानक गेलो तर ही माझी शेवटची आणि गंभीर विनंती समज. मृत्युपत्रात लिहिल्यासारखीच मान. चारशे पौंड बाजूला काढ, योग्य संपादक शोध आणि हे छापून आण. संपादक म्हणून कोणाकोणाला विचारायचं याची नावंही दिली.

त्याला दुसरा माणूस मिळाला नसता असं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरला त्याने त्याच वर्षी जानेवारीत, खून कबूल केल्यासारखं वाटतं म्हणत, जाती स्थिर नसतात हे सांगितलं होतं. भाऊ होता, भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल होता. तरी मसुद्याची जबाबदारी त्याने टाकली एमावर, म्हणजे या घरात तो मसुदा ज्या एका माणसाला मनापासून नकोसा वाटू शकला असता तिच्यावर. तो जळाला असता तर जबाबही कुणी विचारला नसता.

एमाने मसुदा वाचला. डोळ्यासारखा अवयव थोड्याथोड्या बदलांनी घडू शकतो, असं म्हटलं होतं तिथे तिने समासात लिहिलं: हे फार मोठं गृहीतक आहे. चार्ल्सने ती जागा पुढे पुन्हा लिहिली. माझ्या वाचनात आलेल्या डार्विनच्या टीकाकारांपैकी ती पहिली, आणि तिने बोट ठेवलं ती जागा त्याच्या शत्रूंनी नंतर कितीतरी वर्षं सोडली नाही.

म्हणून मी म्हणतो, बायकोच्या भीतीने दडवलं ही गोष्ट टिकत नाही. जिच्यापासून दडवायचं तिलाच कुणी प्रकाशक नेमत नाही. विलंबाची कारणं दुसरीकडे सापडतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्क्रांतीवर एक निनावी पुस्तक निघालं आणि शास्त्रज्ञांनी त्याची चिरफाड केली. मग जाती म्हणजे काय हे स्वतः हाताने पारखावं म्हणून चार्ल्स आठ वर्षं बार्नॅकल या खडकांना चिकटणाऱ्या सागरी प्राण्यांवर काम करत बसला. वर सततची दुखणी. १८५९च्या नोव्हेंबरात ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ निघालं तेव्हा त्याची प्रुफं तपासायला एमा होतीच.

माल्व्हर्न, १८५१

डॉ. रॉबर्टनी सांगितलं होतं, दुखणं आलं की खरी परीक्षा. ती आली, पण आजारी नवरा नव्हता. दहा वर्षांची अ‍ॅनी होती, चार्ल्सची फार लाडकी. १८५१च्या मार्चअखेर तो तिला पाण्याच्या उपचारांसाठी माल्व्हर्नला डॉ. गली यांच्याकडे ठेवून आला. ईस्टरच्या तोंडावर तिची प्रकृती ढासळल्याचा निरोप आला आणि तो धावला. एमाला आठवा महिना संपत आला होता. तिला डाउनहून हलता येईना. रोज पत्रं जात-येत राहिली. पाणी पाजलं तेव्हा पोरगी आभार मानते असं म्हणाली, इतक्या बारीक गोष्टीही तो कळवत होता. २३ एप्रिलला दुपारी बारा वाजता अ‍ॅनी गेली. चार्ल्सने घरी लिहिलं, तिच्या नशिबी पुढे कोणती दुःखं होती ते देवालाच ठाऊक. एमाने उलट लिहिलं, लक्षात ठेव, माझं खरं धन तू आहेस आणि नेहमीच होतास. दफनापर्यंत तो थांबला नाही, बायकोकडे परतला. तीन आठवड्यांत होरेसचा जन्म झाला.

या मृत्यूने डार्विनची उरलीसुरली श्रद्धा मेली असं अनेक चरित्रांत वाचायला मिळतं. मी तितकं ठामपणे म्हणणार नाही. त्याने स्वतः लिहिलंय की अविश्वास फार हळू चढत गेला, इतका हळू की त्रासही झाला नाही. पुढे एका पाहुण्याला त्याने चाळिशीत ख्रिस्ती धर्म सोडल्याचं सांगितलं. चाळिशी म्हणजे १८४९. अ‍ॅनीच्या दोन वर्षं आधी आणि वडिलांच्या मृत्यूनंतर लगेच. अश्रद्धांना चिरंतन शिक्षा होते हे खरं मानायचं, तर वडील, भाऊ आणि जवळजवळ सगळे उत्तम मित्र नरकात. हा राग आत्मचरित्रात उसळतो तेव्हा यादीत पहिलं नाव बापाचं आहे. माझ्या मते अ‍ॅनीने नवं काही मोडलं नाही. जे आधीच गेलं होतं त्याशिवाय दुःख सोसायचं कसं, ते तेव्हा शिकावं लागलं.

एमानेही ते वेगळ्या दिशेने शिकून घेतलं. १८६१च्या जूनमध्ये, तो आठवडेच्या आठवडे आजारी असताना, तिने आणखी एक पत्र दिलं. माणसाला प्रार्थनेकडे नेते ती भावना, तर्क नव्हे, असं त्यात आहे. दोन तपांपूर्वी जी तर्काने भांडली होती तिने आता तर्काचं मैदान सोडून दिलं होतं. त्याने खाली लिहिलं: देव तुझं भलं करो.

जेवणाच्या टेबलावर

रोजचा संसार कसा चालला? रविवारी चार्ल्स घरच्यांबरोबर चर्चपर्यंत चालत जाई. ती आत जात, तो फिरायला पुढे. आत गेल्यावरही एमा आणि मुलं सरसकट सगळं करत नसत. श्रद्धासूत्र म्हणताना साऱ्यांनी वेदीकडे वळायचं असे, तेव्हा त्रैक्य न मानणारं हे कुटुंब समोरच बघत उभं राही. पाद्री ब्रोडी इनिस चार्ल्सचा दोस्त. गावाच्या मदतफंडाचे हिशेब चार्ल्स पाहायचा. तीस वर्षांत आमचं एकदाच एका विषयावर पटलं आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो, यातला एक नक्की आजारी असणार, असं तो म्हणे. रात्री एमाबरोबर बॅकगॅमन या फासे-सोंगट्यांच्या खेळाचे दोन डाव ठरलेले. १८७६ मध्ये त्याने एका मित्राला जिंकलेल्या डावांचा आकडा कळवला: तिचे २,४९०, माझे २,७९५.

१८८१च्या सप्टेंबरात लुडविग बुखनर आणि एडवर्ड एव्हलिंग हे दोन कट्टर नास्तिक जेवायला आले. एमाने त्याच जेवणाला इनिसलाही बोलावून ठेवलं. नंतर अभ्यासिकेत चार्ल्सने पाहुण्यांना विचारलं, तुम्ही एवढे आक्रमक का? एव्हलिंगला त्याने वर्षभर आधी एक पुस्तक आपल्याला अर्पण करायला नकार दिला होता. धर्मावर थेट हल्ले करून लोकांवर काही परिणाम होत नाही, विज्ञानाने हळूहळू मनं उजळतात, हे कारण त्याने दिलं. आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिलं की अशा हल्ल्याला हात लावला तर घरातल्या काहींना वेदना होतील, त्याचाही माझ्यावर प्रभाव असेल. एमाची किंमत कुठे द्यावी लागली ते इथे दिसतं. विज्ञान त्याने छापलं. धर्माबद्दलची मतं छापली नाहीत. ज्याला घरातली शांतता म्हणायचं तिच्यासाठी त्याने एवढं दिलं.

कंसातला मजकूर

१९ एप्रिल १८८२ला तो गेला. मरायची मला जरादेखील भीती नाही, असं त्याने एमाला सांगितलं. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं. एमा गेली नाही, डाउनलाच राहिली.

सहा महिन्यांनी, ऑक्टोबरात, १८४४ची वेळ उलटी होऊन समोर आली. तेव्हा हाती न छापलेला सिद्धांत होता. आता न छापलेलं आत्मचरित्र होतं, आणि त्याचा लेखक गेलेला. चिरंतन शिक्षेच्या त्या परिच्छेदाला कंस घालून तिने टीप लिहिली: हा भाग छापला जाऊ नये असं वाटतं, तो फार ओबडधोबड वाटतो, अविश्वासासाठी कायमची शिक्षा या शिकवणीला कितीही कठोर शब्द वापरले तरी थोडेच, पण आज फार थोडे लोक तिला ख्रिस्ती धर्म म्हणतील. म्हणजे आशयावर ती नवऱ्याच्या बाजूला होती. खुपला तो सूर. पुढे १८८५ मध्ये मुलगा फ्रान्सिसला तिने आणखी एक वाक्य गाळायला सांगितलं. लहानपणी बिंबवलेला देवावरचा विश्वास सोडणं माकडाला सापाची भीती सोडण्याइतकंच अवघड जात असेल, असं ते वाक्य. त्याच्या श्रद्धाळू मित्रांना, घरच्या जुन्या नोकरांनासुद्धा ते वाचून काय वाटेल, ही तिची काळजी.

घरात यावरून तंटा झाला. मुलगी हेन्रिएटा गाळण्याच्या बाजूची, फ्रान्सिस छापण्याच्या. १८८७ मध्ये निघालेल्या चरित्रात ते परिच्छेद नव्हते. मला ही काटछाट पटत नाही. चारशे पौंडांच्या पत्रात त्याने तिच्यावर टाकलेला विश्वास, मजकूर बदलण्याचा परवाना नव्हता, आणि १८८७च्या वाचकाला डार्विन होता त्यापेक्षा मवाळ भेटला. पण तिने कागद नष्ट केले नाहीत, टीप स्वतःच्या नावाने, तारखेसह ठेवली, हेही तितकंच खरं.

एमा १८९६ मध्ये गेली. १९१५ मध्ये अमेरिकेत लेडी होप नावाच्या बाईंच्या नावे गोष्ट छापून आली, की डार्विनने अखेरच्या दिवसांत बायबल हाती घेऊन पश्चात्ताप केला. ती झपाट्याने पसरली, अजूनही पसरते. तिला जाहीर उत्तर दिलं ते १९२२ मध्ये हेन्रिएटाने, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एका ख्रिस्ती साप्ताहिकात: वडिलांच्या अंतकाळी मी तिथे होते, या बाई नव्हत्या, त्यांनी आपली शास्त्रीय मतं कधीही मागे घेतली नाहीत, गोष्टीला कसलाही आधार नाही. वडिलांचे कडक शब्द झाकण्यासाठी भांडलेली मुलगी, त्यांच्या तोंडी खोटी श्रद्धा घालणाऱ्यांविरुद्ध उभी राहिली होती. गाळलेला मजकूर नात नोरा बार्लोने १९५८ मध्ये पूर्ण छापला, आणि त्याच पानावर एमाची टीपही दिली.